गाठ सापडल्यानंतर : प्रस्तावना

बहुतेक आजार शोधून काढावे लागतात. रक्तदाब मोजल्याशिवाय कळत नाही, साखर रक्त तपासल्याशिवाय दिसत नाही. गाठीचे तसे नाही. ती आधी रोग्यालाच सापडते. आंघोळ करताना साबणाचा हात काखेत थबकतो, दाढी करताना मानेवर काहीतरी गोल लागते, मुलाला न्हाऊ घालताना आईच्या हाताला त्याच्या पोटात एका बाजूला टणक काही जाणवते. डॉक्टर, यंत्र, प्रयोगशाळा हे सगळे त्यानंतर येतात, आणि ते किती नंतर येतात यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते. गाठ सापडल्यापासून ती दुसऱ्या कुणाला दाखवेपर्यंतचा काळ केसपेपरवर एका ओळीत उरकला जातो : ‘गाठ, सहा महिन्यांपासून’. त्या सहा महिन्यांत त्या माणसाने काय विचार केला, कुणाला सांगितले, कुणापासून लपवले, कोणता लेप लावला, हे त्या ओळीत नसते. हे पुस्तक त्या सहा महिन्यांसाठी लिहिलेले आहे, असे मी समजतो.

आपल्या घरांत गाठीबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘दुखते का?’ ‘नाही’ म्हटले की विचारणाराही निर्धास्त होतो आणि सांगणाराही. ही कसोटी अनुभवातूनच आलेली आहे. गळू, केस्तूड, काखमांजरी, पायाला जखम झाली की जांघेत येणारे अवधाण, या गाठी पिढ्यान्‌पिढ्या घरातच ओळखल्या गेल्या. त्या लाल होतात, ठणकतात, ताप आणतात आणि पिकून फुटल्या किंवा मूळ जखम भरली की बसतात. त्यांच्यापुरते दुखणे हे खरेच मोजमाप आहे. घोटाळा होतो तो हेच मोजमाप सगळ्या गाठींना लावल्यामुळे. स्तनाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. मानेतली क्षयाची गाठ, जिला जुने लोक गंडमाळ म्हणत, ती महिनोन्‌महिने न दुखता वाढू शकते. तरुण मुलाच्या वृषणातली टणक गाठ, तंबाखू खाणाऱ्याच्या जबड्याखाली आलेली गाठ, लसीकाग्रंथींचा कर्करोग, यांतले कुठलेच सहसा दुखत नाही. म्हणजे जी गाठ घेऊन माणूस धावत येतो ती पुष्कळदा आठ-दहा दिवसांत बरी होणारी असते, आणि जिच्याकडे तो निवांत पाहत बसतो तिलाच वेळ द्यायचा नसतो. या पुस्तकाने दुसरे काही केले नाही आणि एवढी एक समजूत उलटवली, तरी ते सार्थकी लागले असे मी म्हणेन.

याची दुसरी बाजूही इथेच सांगायला हवी. अंगावर आढळणाऱ्या बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. चरबीची गाठ म्हणजे लायपोमा, कातडीखाली हळूहळू भरत जाणारी पिशवी म्हणजे आवाळू, मनगटावरचे गँगलियन, विशी-पंचविशीतल्या मुलींच्या स्तनात बोटाखालून सटकणारा फायब्रोॲडिनोमा. यांतल्या कित्येक गाठींना एकदा खात्री करून घेतल्यावर हात लावावा लागत नाही. स्तनात गाठ लागली म्हणजे कर्करोगच असे धरून रात्रीची झोप गमावलेली मुलगी आणि ‘चरबी असेल’ म्हणून मांडीवरची गाठ दोन वर्षे अंगावर काढणारा तिचा बाप एकाच घरात राहतात. दोघांनाही हवा आहे तो एक क्रम : आधी काय विचारायचे, मग काय पाहायचे, मग काय तपासायचे आणि कुठे थांबायचे. हा क्रम बसवायला माणसाला हजारो वर्षे लागली, आणि तो इतिहास या विषयाची उत्तम ओळख करून देतो.

इजिप्तमधला एडविन स्मिथ पपायरस इसवी सनापूर्वी 1600 च्या सुमाराचा, आणि तोही त्याहून जुन्या ग्रंथाची नक्कल. त्यातल्या 48 नोंदी बहुतेक जखमांच्या आहेत; पंचेचाळिसावी मात्र छातीवर आलेल्या फुगवट्यांची. वैद्य हात लावून पाहतो, ते गार आहेत की गरम, आत पाणी आहे की नाही, हे ठरवतो. उपचाराच्या जागी उपाय नाही अशी नोंद आहे. सुश्रुतसंहिता पुष्कळ पुढे जाते. तिच्या निदानस्थानातला अकरावा अध्याय ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड एकत्र घेऊन त्यांच्यातला फरक सांगतो. अर्बुदाचे तिथले वर्णन आजच्या विद्यार्थ्यानेही वाचावे असे आहे : गोल, जागचे न हलणारे, फारसे न दुखणारे, खोल रुजलेले, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे. एका अर्बुदावर दुसरे उगवले किंवा जोडीने दोन आले तर ते असाध्य, हेही तिथे नोंदले आहे. न दुखणे, न पिकणे ही चांगली खूण नव्हे, हे आपल्याच वैद्यांनी नुसत्या हातांनी ओळखले होते. ते ज्ञान पोथीत राहिले आणि घरात मात्र ‘दुखते का?’ एवढाच प्रश्न उरला, याची मला फार खंत वाटते.

युरोपात दुसऱ्या शतकातल्या गॅलेनने गाठींचे खापर शरीरातल्या काळ्या पित्तावर फोडले आणि हजारांहून अधिक वर्षे ते तिथेच राहिले. रोग सर्वांगातल्या पित्ताचा असेल तर एका जागची गाठ कापून उपयोग काय, असा त्याचा परिणाम. पडुआच्या मोर्गान्यीने 1761 मध्ये शेकडो शवविच्छेदनांच्या आधारे रोगाला अवयवात जागा दिली. बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खोने 1858 च्या ग्रंथात ती जागा पेशीपर्यंत नेली : प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशीतूनच जन्मते, म्हणून गाठही शरीराच्याच पेशींची वाढ. आज पॅथॉलॉजिस्ट काचपट्टीवर जे वाचतो त्याची सुरुवात ही.

कापण्याची विद्या मात्र वेदनेपाशी अडली होती. ती अडचण सुटली तीही गाठीमुळेच. जपानमध्ये हानाओका सेइशू या शल्यवैद्याने 13 ऑक्टोबर 1804 रोजी वनस्पतींचा काढा पाजून, रुग्ण स्त्रीला बेशुद्ध करून तिच्या स्तनातली कर्करोगाची गाठ काढली. त्यानंतर बेचाळीस वर्षांनी, 16 ऑक्टोबर 1846 रोजी, बोस्टनमध्ये मॉर्टनने इथर हुंगवले आणि वॉरन या शल्यविशारदाने एका तरुणाच्या मानेवरची रक्तवाहिन्यांची गाठ भर सभेत कापली. मधल्या काळात, 1811 मध्ये, इंग्लिश कादंबरीकार फॅनी बर्नी हिने पॅरिसमध्ये कुठलीही भूल न घेता स्तनाची शस्त्रक्रिया सोसली आणि नंतर बहिणीला पत्रात ती सविस्तर कळवली. गाठ दाखवायला माणसे का घाबरत, हे त्या काळाकडे पाहिले की वेगळे सांगावे लागत नाही. ती भीती घराघरांतल्या बोलण्यात अजून शिल्लक आहे. भूल मात्र केव्हाच आली.

आपल्याकडच्या भीतीला आणखी एक कारण आहे आणि ते मुंबई-पुण्याच्या इतिहासात आहे. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. जांघेतली, काखेतली, मानेतली गाठ ही त्याची खूण. पुढच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. प्रवाशांना गाडीतून उतरवून काखा-जांघा चाचपल्या जाऊ लागल्या, बायकांनाही त्यातून सूट नव्हती. पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्या हाताखाली सैनिक घराघरांत शिरले. लोकांनी रोगी लपवले, मढी लपवली, गाठी लपवल्या. 22 जून 1897 च्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या हे शाळेत शिकवले जाते. पण एका सक्तीच्या तपासणीने लोकांचा तपासणाऱ्या हातावरचा विश्वास कसा उडाला, हे शिकवले जात नाही. त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेग झालेल्या मुलाला दवाखान्यात पोचवताना त्यांना लागण झाली होती. तीच साथ, तीच गाठ, पण तिला लागलेले हात दोन तऱ्हेचे. गाठ तपासण्याच्या शास्त्रात हात कसा लावायचा याआधी कुणाच्या परवानगीने लावायचा हे येते, असा माझा ठाम आग्रह आहे. आणि या पुस्तकाच्या लेखकांनी तो प्रत्येक ठिकाणी पाळला आहे.

आता या क्षेत्रातल्या परंपरांकडे वळतो. मला इथे तीन घराणी दिसतात. हाताचे, सूक्ष्मदर्शकाचे आणि चित्राचे.

हाताचे घराणे सर्वांत जुने आणि मला सर्वांत जवळचे. हॅमिल्टन बेली या इंग्लिश शल्यविशारदाचे शारीरिक लक्षणांवरचे पुस्तक 1927 मध्ये आले आणि त्याने जगभरच्या वॉर्डांना शिस्त लावली. भारतात ती शिस्त कोलकात्याच्या एस. दास यांच्या पुस्तकाने विद्यार्थ्यांच्या हाती दिली, एम.बी.बी.एस. झालेल्या कुणालाही विचारा, दास म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे ती पाने उभी राहतील. या शिस्तीत पहिली गोष्ट बोटांची नसून कानांची आहे. ‘केव्हापासून?’ या प्रश्नाला ‘झाले की बरेच दिवस’ हे उत्तर येते. मग विचारावे लागते, पोळ्याला होती का? दिवाळीत होती का? तेव्हा केवढी होती? दिवाळीत सुपारीएवढी असलेली गाठ होळीला लिंबाएवढी झाली, एवढे कळले की अर्धे काम झाले. वाढीचा वेग हा गाठीने दिलेला सर्वांत प्रामाणिक पुरावा असतो. मानेच्या गाठींबद्दल शल्यविशारदांमध्ये एक ठोकताळा आहे : सात दिवसांची असेल तर दाह, सात महिन्यांची असेल तर कर्करोग, सात वर्षांची असेल तर जन्मजात. ठोकताळाच तो, त्यावर निदान करू नये; पण काळाला किती किंमत आहे हे तो शिकवतो.

मग बोटे. गाठ किती मऊ हे सांगायला विद्यार्थ्यांना आपल्याच चेहऱ्याला हात लावायला सांगतात : ओठासारखी मऊ, नाकाच्या शेंड्यासारखी घट्ट की कपाळासारखी कडक. लायपोमाची कड दाबली तर ती बोटाखालून निसटते. आवाळूच्या टोकाशी कातडीवर बारीक काळा ठिपका दिसतो आणि तिथे कातडी गाठीला चिकटलेली असते. गळ्यापुढची गाठ असेल तर रुग्णाच्या हाती पाण्याचा पेला देतात. घोट गिळताना गाठ वर सरकली तर ती थायरॉइडशी जोडलेली. जीभ बाहेर काढल्यावरही वर सरकली तर ती थायरॉइडच्या जन्मजात नळीतली. जांघेतल्या फुगवट्यावर हात ठेवून खोकायला लावतात. हाताला ठोका लागला, आडवे झाल्यावर फुगवटा आत गेला, तर अंतर्गळ. अंडवृद्धीत अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा झोत लावला की पाणी लालसर उजळते. स्नायू ताठ करायला सांगून गाठ ठळक होते की दबते, यावरून ती स्नायूच्या वर आहे की आत, हे कळते. यांतल्या एकाही तपासणीला पैसा लागत नाही. वेळ लागतो, आडोसा लागतो, आणि शेवटी जवळच्या लसीकाग्रंथी न विसरता चाचपण्याची सवय लागते. डाव्या गळपट्टीच्या हाडावर लागणारी टणक गाठ पोटातल्या कर्करोगाची असू शकते, हे फिर्खोने 1848 मध्ये दाखवले आणि ती गाठ आजही त्याच्या नावाने ओळखली जाते.

इतके करूनही हाताला मर्यादा आहे. हात शंका घेऊ शकतो, निकाल देऊ शकत नाही. निकाल सूक्ष्मदर्शकाखाली लागतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या मार्टिन आणि एलिस यांनी 1930 मध्ये सुईने पेशी ओढून निदान करण्याची पद्धत मांडली. तिला खरी प्रतिष्ठा मिळाली ती पुढे स्वीडनमध्ये. बारीक सुईने मिळतात त्या सुट्या पेशी. जाड सुईच्या कोअर बायोप्सीत ऊतीचा धागा मिळतो, त्यामुळे पेशींची मांडणीही दिसते. स्तनासाठी तीन गोष्टींचा मेळ पाहायची रीत आता सर्वमान्य आहे : हाताची तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि सुई. तिन्हींनी गाठ निरुपद्रवी ठरवली तर निर्धास्त व्हावे. एकाचे जरी वेगळे पडले तरी पुढे जावे.

सुईबद्दल आपल्या समाजात एक समज घट्ट बसला आहे, की सुई लावली की कर्करोग पसरतो. या एका वाक्याने किती माणसे उपचारापासून दूर राहिली असतील, याचा विचार केला की जीव कळवळतो. सुईच्या मार्गावर पेशी रुजणे फारच क्वचित घडते आणि त्या भीतीने निदान टाळणे हा धोका त्याहून अनेक पटींनी मोठा आहे. काही ठिकाणी मात्र सुई कुठे आणि कशी लावायची याचे नियम आहेत, आणि ते डॉक्टरांनी पाळायचे आहेत. वृषणातल्या संशयास्पद गाठीला अंडकोशातून सुई लावत नाहीत. रक्तातल्या खुणा आणि सोनोग्राफी पाहून जांघेतून शस्त्रक्रिया करतात. हातापायातली मोठी, खोल गाठ सार्कोमा असण्याची शंका असेल तर सुईचा मार्ग पुढच्या शस्त्रक्रियेच्या रेषेत ठेवतात. तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या मानेत टणक गाठ आली तर ती कापून काढण्याआधी तोंड, जीभ, घसा नीट पाहावा लागतो, कारण मूळ रोग बहुधा तिथे असतो. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. तंबाखू मात्र घराघरांत आहे, म्हणून हा मुद्दा इथल्या वाचकाला सोडून देता येणार नाही. मानेतल्या गाठीत क्षयाची शंका असेल तर सुईने काढलेल्या नमुन्याचा एक भाग सीबीनॅट चाचणीला पाठवावा. क्षय निघाला तर औषधे मोफत मिळतात आणि साधारण सहा महिन्यांत बहुतेक रुग्ण बरे होतात.

सूक्ष्मदर्शकाच्या घराण्याची सर्वांत मोठी हानी आपल्याकडे एका साध्या गोष्टीने होते. तालुक्याच्या गावी छोट्या दवाखान्यात मांडीतली गाठ ‘चरबीची’ म्हणून काढली जाते. पॅथॉलॉजीच्या तपासणीचा खर्च वाचावा म्हणून ती फेकून दिली जाते, किंवा नातेवाइकांना कापडात गुंडाळून दाखवून मग फेकली जाते. काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा गाठ येते, आधीपेक्षा मोठी. आता ती काय होती हे सांगणारा पुरावा कुठेच नसतो आणि पहिल्या छेदाने आजूबाजूच्या निरोगी थरांतही रोग पोचलेला असतो. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोल किंवा वाढत जाणारी गाठ चित्र आणि सुई यांच्याशिवाय कापू नये, आणि कापलेली गाठ, मग ती कितीही निरुपद्रवी वाटो, फॉर्मालिनच्या बाटलीत घालून, बाटलीवर नाव आणि जागा लिहून तपासणीला पाठवावी. ही बाटली पुष्कळदा नातेवाईकच एसटीने जिल्ह्याच्या गावी नेतात. ती नेणाऱ्याला आपण काय नेतो आहोत आणि का, हे कळले पाहिजे.

चित्राच्या घराण्याची एक गोष्ट मला विशेष आवडते. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषय पोटातल्या गाठी हाच होता. पोटाचा कर्करोग, आता काही करता येणार नाही, असे जिच्याबद्दल ठरले होते त्या बाईच्या पोटावर त्यांनी ध्वनिलहरींचे यंत्र लावले आणि आत पाण्याने भरलेली मोठी पिशवी दिसली. ती अंडाशयाची गाठ होती. काढली आणि बाई बरी झाली. भरीव की पोकळ, एवढा एक प्रश्न त्या यंत्राने सोडवला आणि सोनोग्राफी जन्माला आली.

या तिघांच्या पलीकडे समाजाकडे पाहणारी एक वाट आहे. युगांडात काम करणाऱ्या डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदाने मुलांच्या जबड्यांवरच्या विचित्र गाठी पाहिल्या आणि कापत बसण्याऐवजी त्या कुठे कुठे आढळतात हे विचारत आफ्रिका पालथी घातली. त्याच गाठींच्या पेशींत 1964 मध्ये एपस्टाईन आणि बार यांना नवा विषाणू सापडला. भारतात गलगंडाचे तसेच झाले. हिमालयाच्या पायथ्याशी, कांगडा खोऱ्यात, रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी 1956 पासून आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवले, आणि 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गळ्यातल्या लाखो गाठींवर चाकू न लावता इलाज झाला.

मुंबईत याच वाटेवर एक मोठे काम झाले आणि मराठी वाचकाला ते माहीत असायला हवे. 1941 मध्ये परळला सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 मध्ये मुंबईच्या वस्त्यांतल्या 35 ते 64 वयाच्या 1,51,538 स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. बाकीच्यांत एकदा माहिती दिली गेली. निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. तपासल्या गेलेल्या स्त्रियांत पुढच्या टप्प्यावर सापडलेल्या कर्करोगांचे प्रमाण 37 टक्के, दुसऱ्या गटात 47 टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. सगळ्या वयांचा एकत्र हिशेब केला तर 15 टक्क्यांची घट दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. तरुण स्त्रियांना फायदा दिसला नाही. हा निकाल जसाच्या तसा मांडावा लागतो, वाढवून सांगू नये. तरीही वस्तीतल्या ओळखीच्या बाईच्या शिकवलेल्या हाताने, तपासून घेणाऱ्या स्त्रीच्या संमतीने, कुठल्याही यंत्राशिवाय हे साधले. 1897 मध्ये ज्या शहरात काखा चाचपणाऱ्या हाताची दहशत होती, त्याच शहरात.

हे सगळे आज का महत्त्वाचे? आकडे एका बाजूने बोलतात. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण सापडले आणि सुमारे 98 हजार स्त्रिया त्याने गेल्या. सापडणे आणि जाणे यांत इतके कमी अंतर असण्याचे एक मोठे कारण उशीर हे आहे. मुंबईची कर्करोग नोंदणी 1963 पासून आहे आणि बार्शीची, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी, 1987 पासून. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन लक्षणे समजावून सांगितली आणि दाखवायला या म्हटले. नोंद ठेवणाऱ्यांनी असे फिरणे किती मोलाचे आहे, हे तिथे जाऊन पाहावे.

दुसऱ्या बाजूने शहरातला वाचक अति तपासणीत अडकतो आहे. तपासणीच्या पॅकेजमध्ये गळ्याची सोनोग्राफी असते, थायरॉइडमध्ये चार मिलिमीटरचा ठिपका दिसतो आणि घराची झोप उडते. दक्षिण कोरियात अशा सरसकट तपासणीमुळे 1993 ते 2011 या काळात थायरॉइड कर्करोगाची निदाने पंधरा पटींनी वाढली. मृत्यू होते तेवढेच राहिले. हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या आणि त्यांना जन्मभर गोळी लागली. हाताला लागलेली गाठ आणि यंत्राने उकरून काढलेला ठिपका यांची वजने वेगळी आहेत. एकीकडे उशीर, दुसरीकडे घाई; मराठी वाचकाला दोन्हींपासून सांभाळणारे पुस्तक आपल्याकडे नव्हते.

ते आता आले आहे. लेखकद्वयीत एक शल्यविशारद आहेत, एक पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे हात आणि सूक्ष्मदर्शक एकाच मेजावर बसले आहेत. त्यांनी रोगांच्या यादीऐवजी शरीरावरच्या जागांचा आधार घेतला, हे मला फार योग्य वाटते. ज्याला मानेत गाठ लागली आहे त्याला रोगाचे नाव ठाऊक नसते, जागा ठाऊक असते. त्यांनी भीतिदायक छायाचित्रे टाळली आहेत. घरच्या घरी निदान करण्याची सोय त्यांनी मुद्दाम दिलेली नाही. दवाखान्यात काय विचारले जाईल, काय तपासले जाईल आणि रिपोर्टातल्या शब्दांचा अर्थ काय, याची तयारी ते करून देतात. रिपोर्ट वाचायला शिकवणारा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. मुलांच्या गाठींना मात्र आणखी पाने मिळायला हवी होती, असे माझे मत मी त्यांना सांगितले आहे. मुलाच्या मानेत सर्दी-खोकल्यानंतर राहणाऱ्या बारीक ग्रंथी बहुधा निरुपद्रवी असतात, पण पोटात लागणारी गाठ दाखवायला एक दिवसही थांबू नये, हे आईच्या हाताला माहीत असणे फार गरजेचे आहे. पुढच्या आवृत्तीत ते येईल, अशी आशा आहे.

वाचकाला माझी विनंती एवढीच. गाठ दोन-तीन आठवड्यांत बसली नाही, वाढत राहिली, टणक किंवा जागची न हलणारी असली, सोबत वजन उतरत असले, ताप किंवा रात्रीचा घाम येत असला, तर ती दुखत नसली तरी दाखवा. काढलेल्या गाठीचा रिपोर्ट मागून घ्या आणि जपून ठेवा. आणि हे पान वाचताना ज्याच्या अंगावर अशी गाठ आहे आणि ती अजून कुणालाच दाखवलेली नाही, त्याने आधी दवाखान्यात जाऊन यावे. पुस्तक त्यानंतर वाचावे.